रजेला आजाराचे नाव कशाला?

आजारी रजेचा अर्ज आला की काही कार्यालयांतून थेट रुग्णालयात फोन जातो, ‘यांना झालंय तरी काय?’ खोट्या दाखल्यांचा मालकांना त्रास होतो, हे खरे. पण त्यासाठी दाखला खरा आहे का, एवढेच तपासावे. विश्रांती किती दिवस, रुजू कधी होता येईल आणि कोणते काम टाळावे, यापलीकडची माहिती कार्यालयाला लागत नाही. जर्मनीत मालकाला मिळणाऱ्या दाखल्यावर निदान नसते. आपल्याकडे मात्र २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतील दाखल्याच्या नमुन्यातच आजारासाठी जागा आहे. आणि तीच आचारसंहिता डॉक्टरला रुग्णाचे गुपित राखायला सांगते. मानसिक आजार व एचआयव्हीबाबत २०१७ चे दोन कायदेही गोपनीयतेचा हक्क देतात.

क्षयाची नोंद सरकारी आरोग्य यंत्रणेकडे बंधनकारक आहे, मालकाकडे नव्हे. नोकरी जाईल या धास्तीने रुग्णाने आजार लपवला, सहा महिन्यांचे औषध अर्ध्यावर सोडले, तर धोका शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही असतो. म्हणून नमुन्यातील ती जागा काढावी. तोवर रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय डॉक्टरांनी कार्यालयाला आजार सांगू नये.