स्मार्ट टीव्ही भिंतीवर, पोरांचे हात मात्र रिकामेच

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात सहावी ते आठवीतलं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

२०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि गावोगावी शाळा 'डिजिटल' व्हायला लागल्या. लोकांनी वर्गणी काढली, ग्रामपंचायतींनी निधी दिला, शिक्षकांनी पदरमोड केली. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण आज आपल्या तालुक्यातल्या शाळांत गेलो की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. भिंतीवर टीव्ही, समोर तीस-चाळीस पोरं हाताची घडी घालून बसलेली आणि टीव्हीत कुणीतरी धडा वाचून दाखवतंय. व्हिडिओ संपला, तास संपला. काही शाळांत तर टीव्हीवर फडका टाकलाय, कारण वीजबिल थकलंय.

याला डिजिटल शिक्षण म्हणायला मी तयार नाही. पूर्वी गुरुजी बोलायचे आणि पोरं ऐकायची. आता टीव्ही बोलतो आणि पोरं ऐकतात. उलट गुरुजींना मध्येच थांबवून प्रश्न तरी विचारता यायचा!

आणि हे सगळं अशा काळात चाललंय, जेव्हा ज्या वेबसाइटवर पोरगं स्वतः हात लावून शिकू शकतं, त्या फुकट पडल्यात. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने २००२ मध्ये 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. विज्ञान आणि गणितातले प्रयोग स्क्रीनवर स्वतः करून बघायचे, एवढीच कल्पना. पैसे लागत नाहीत. यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे ते एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवाय चालतात.

आठवीच्या विज्ञानात धाराविद्युत आहे. एकसर जोडणी, समांतर जोडणी पोरं पाठ करतात. आता हेच फेटवर करू द्या. पोरगी सेल ठेवते, वायर जोडते, बल्ब लावते. त्याच मंडलात दुसरा बल्ब जोडला की दोन्ही मंद होतात. एक काढला की दुसराही विझतो. मग ती समांतर जोडून बघते, एक काढला तरी दुसरा चालूच. आता तिला विचारा, घरातला पंखा बंद केल्यावर दिवा का विझत नाही? उत्तर तीच देईल, पाठ न करता. चुकून सेलची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली तर स्क्रीनवर जाळ दिसतो, हात भाजत नाही.

किंवा सीसॉ घ्या. एका बाजूला मध्यापासून १ मीटरवर १० किलो, तर दुसऱ्या बाजूला ५ किलो कुठे ठेवायचं? पोरं आधी अंदाज बांधतात, चुकतात, पुन्हा ठेवतात. २ मीटरवर सीसॉ सरळ झाला की व्यस्त प्रमाण डोक्यात बसतं. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे. त्रिकोणाचा कोपरा बोटाने कसाही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते.

यात 'आधी अंदाज सांग, मग करून बघ' हा सगळ्यात मोलाचा भाग आहे. व्हिडिओ बघताना पोरगं चुकूच शकत नाही, म्हणून आपण चुकतोय हे त्याला कळतही नाही. आपला अंदाज डोळ्यांसमोर फसला की ते विचार करायला लागतं.

आता नेहमीचे आक्षेप.

"मोबाइलने पोरं बिघडतात." मोबाइल पोरांच्या हातात गेलाच आहे हो. २०२४ च्या 'असर' अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता, अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. रील बघायला कुणी शिकवावं लागलं नाही. पण त्याच यंत्रावर अभ्यास कसा करायचा, हे शाळेने शिकवायला नको?

"खरे प्रयोग सोडून स्क्रीन कशाला?" खरे प्रयोग आधी, याबद्दल वादच नाही. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायला शिकवलं आणि सगळं वेबसाइटवर फुकट ठेवलं. ते आधी करा. पण तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन खऱ्या सेलमध्ये दिसत नाहीत, स्क्रीनवर दिसतात. शेंगदाणा आणि गूळ, दोन्ही खा की!

"शिक्षकांना वेळ कुठाय?" हे मात्र खरं आहे. माहित्या भरा, सर्वेक्षणं करा, फोटो अपलोड करा, यातून गुरुजी शिकवणार कधी? पण त्याचा दोष पोरांच्या माथी मारू नका. ही कामं कमी करा म्हणून आपण पालकांनीच बोललं पाहिजे.

आणि बोलायची जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. आपण मात्र बैठकीला जातो, चहा पितो, सही करून येतो. पुढच्या बैठकीत एवढं मागा:

१. शाळेत कॉम्प्युटर, टॅब किती आहेत, चालू किती, बंद किती आणि का, याची यादी समितीसमोर ठेवा.

२. सहावी ते आठवीला आठवड्यातून निदान दोन तास यंत्र पोरांच्या हातात द्या. तिघांत एक असलं तरी चालेल, बोलत-भांडत जास्त शिकतात. फक्त माउस एकाच्याच ताब्यात नको, आणि मुलींनाही मिळू दे.

३. मराठीतले प्रयोग डाउनलोड करून प्रत्येक यंत्रात टाका. एका दुपारचं काम आहे. गावातली कॉलेजची पोरं आनंदाने करतील.

४. वीजबिलाची तरतूद आधी, नवीन टीव्हीचं उद्घाटन नंतर.

यातल्या एकाही मागणीसाठी मंत्रालयात जावं लागत नाही. शहरातल्या महागड्या शाळेतली पोरं ज्या साइटवर शिकतात, त्याच आपल्या पोरांनाही उघड्या आहेत. फी तिथेही शून्य, इथेही शून्य. मग आपल्या पोरांनी नुसतं बघत का बसायचं?

पुढारी मंडळींना एकच विनंती. पुढच्या वेळी शाळेत नारळ फोडायला याल तेव्हा फीत कापून झाल्यावर दहा मिनिटं थांबा आणि सातवीतल्या एखाद्या पोरीला विचारा, "बाळा, या यंत्राला तू शेवटचा हात कधी लावलास?" उत्तर माइकवर ऐकवा.

पटलं तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये या, बोलू.