उन्हांतले हातमोजे

आमच्या घरांत या पंधरवड्यांत एका लहानशा वस्तूवरून मोठी चर्चा झाली. धाकटा पुतण्या मित्रांबरोबर गुलमर्ग येथें स्कीइंग, म्हणजे पायांस लांब पट्ट्या जखडून बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ, शिकावयास निघाला आहे. आमच्या वहिनींनीं रात्रीं जागून त्याच्यासाठीं लोंकरीचे हातमोजे विणले. मातोश्रींनीं ते हातांत घेऊन वाखाणले. घरांत गुलमर्ग पाहून आलेले एकटे आम्हीच, तेव्हां मत देणें आम्हांस प्राप्त झालें. आणि तें मत वहिनींच्या हातमोज्यांविरुद्ध गेलें! घरांत तेवढ्यापुरती शांतता पसरली. ज्या कुटुंबांतून मुलें या खेळास जाऊं लागलीं आहेत त्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून आमचीं कारणें येथें मांडतों.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारें २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथून पाळण्यांत बसून अफरवट पर्वतावर सुमारें ३,९५० मीटरपर्यंत जातां येतें. एवढ्या उंचीवर थंडीवांचून दुसरें काय असणार, असें आपल्याला पुण्यामुंबईस बसून वाटतें. परंतु मार्च महिन्यांत आभाळ निरभ्र असलें म्हणजे दुपारीं तेथें अंगांतला स्वेटर काढून कमरेस बांधावासा वाटतो. त्यांतून शिकाऊ माणूस दर खेपेस उतार पायांनीं चढून वर जाणार. त्याला घाम फुटतो, जाड हातमोजांत बोटें भिजतात, आणि ते काढून खिशांत कोंबण्याचा मोह होतो.

आम्हींही तेंच केलें. दुसऱ्याच घसरगुंडीला तोल गेला आणि हात पुढें टेकला. बर्फ म्हणजे कापूस, अशी आमची समजूत. पण दिवसा उन्हानें वितळलेला बर्फ रात्रीं पुन्हां गोठतो, आणि हा क्रम रोज चालला कीं त्याचे जाड्या मिठासारखे खडे बनतात. सावलींत ते दुपारींही कडकच राहतात. किसणीवर घासावी तशी तळहाताची साल निघाली, व पुढचे तीन दिवस वरणभात कालवणेंही जमलें नाहीं. स्कीच्या कडा पोलादी असून त्यांस धार लाविलेली असते. पडतांना त्यांवर उघडें बोट गेलें असतें तर काय झालें असतें, हें मातोश्रींना आम्हीं अद्याप सांगितलेलें नाहीं. शिवाय ताजा बर्फ उन्हांतील अतिनील किरणांपैकीं शेंकडा ८० पर्यंत परत फेंकतो, तेव्हां हाताची वरची बाजूही भाजून निघते.

सारांश, उन्हाच्या दिवशींचे हातमोजे थंडीसाठीं नसून कातडीसाठीं असतात. ते पातळ हवेत, नाहीं तर ते हातांत राहणार नाहींत. आणि चिवट हवेत, नाहीं तर चार दिवसांत फाटतील. लोंकरीचे हातमोजे यांपैकीं दुसऱ्या कसोटीस उतरत नाहींत. उन्हांतला ओला बर्फ त्यांच्या धाग्यांस गोळ्यागोळ्यांनीं चिकटतो, तेथेंच वितळतो, आणि ऊन कलतांच भिजलेली लोंकर बोटें गारठवून टाकते.

आमच्या मतें शेळीच्या कातड्याचे, आंत अस्तर नसलेले किंवा अगदीं पातळ अस्तराचे हातमोजे या कामास उत्तम. मेंढीचें कातडें हातास लोण्यासारखें लागतें, पण लवकर फाटतें. गाईम्हशींचें बळकट असलें तरी जाड पडतें. शेळीचें पातळ राहूनही दम धरतें. (चामड्याची वस्तु देवघराच्या वाटेवर ठेवावयाची नाहीं, अशी अट मातोश्रींनीं घातली आहे, व ती आम्हीं मान्य केली आहे. ज्यांस चामडें मुळींच नको, त्यांच्यासाठीं कृत्रिम तळव्याचेही मिळतात.) विकत घेतांना प्रथम अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचकी उलटून पाहावी. काठीच्या मुठीची वादी तेथूनच जाते, व दिवसभर तेथेंच घासते. त्या जागीं आणि तळव्यावर दुहेरी कातडें असावें, व शिवण बोटांच्या टोंकांवर आलेली नसावी.

आम्हांस एका दुकानदारानें "वापरून सैल होतील" म्हणून आवळ हातमोजे दिले होते. ते सैल झाले, पण बोटांत नव्हे, मनगटाशीं! आवळ हातमोजांत रक्ताचा प्रवाह अडतो आणि उलट गारठा वाढतो. तेव्हां दुकानांतच घट्ट मूठ वळून पाहावी; मुठीवर कातडें ताणलें जातां कामा नये, आणि बोट सरळ केलें असतां टोंकाशीं किंचित् जागा उरावी. हातमोजे न काढतां बुटाचा खटका लावतां आला तर जोड पसंत समजावा.

चामड्यास अधूनमधून मधमाशांच्या मेणाचें मलम चोळावें, म्हणजे पाणी लवकर शिरत नाहीं. भिजलेले हातमोजे खोलींतल्या बुखारीजवळ मात्र वाळवूं नयेत. कातडें पापडासारखें कडक होऊन भेगाळतें. ते मोकळ्या हवेंत सावकाश वाळूं द्यावेत, आणि दुसऱ्या दिवशीं हातांत चढवून मळून मऊ करावेत.

आतां ढग केव्हां येतील याचा डोंगरावर नेम नसतो, म्हणून पाठीवरच्या पिशवींत जाड जोड असलाच पाहिजे. एवढें ऐकल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे माझे अगदींच फुकट गेले म्हणा." पुतण्या लगबगीनें म्हणाला, "नाहीं हो काकू, संध्याकाळीं खोलीवर चहा पितांना तेच घालणार." वहिनींचें समाधान झालें कीं नाहीं कळलें नाहीं, पण काल रात्रीं त्या शेळीच्या हातमोज्यांना दोरी लावीत होत्या, उतारावर हातांतून सुटूं नयेत म्हणून.