ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागला, पण ड्रायव्हरच्या झोपेचं काय?

गाळप हंगाम सुरू झाला की दरवर्षी एक कार्यक्रम ठरलेला असतो. कारखान्याच्या गेटवर आरटीओ आणि पोलिसांचे लोक येतात, ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर चिकटवतात, फोटो निघतात. काम चांगलंच आहे. रात्री बंद पडलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला दिसत नाही आणि त्यात किती माणसं गेली हे टेंभुर्णी, पंढरपूर, करमाळा, इंदापूर या पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही. पण पुढच्या सीटवर बसलेला ड्रायव्हर किती तासांपासून जागा आहे, हे त्या गेटवर कुणी विचारत नाही. विचारलं तरी त्याला कुठला नियम दाखवायचा, हा खरा प्रश्न आहे.

नियम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 91 सांगतं की वाहतूक वाहन चालवणाऱ्याच्या कामाचे तास 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याप्रमाणे असतील. त्या कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, आणि सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं आहे. पुढे 2020 च्या श्रम संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला.

आता ट्रॅक्टर यात कुठं बसतो ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची जी व्याख्या आहे, तिच्यातच म्हटलंय की शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन आहे. म्हणजे कलम 91 मधून तो तिथंच निसटला. दुसरी गोष्ट, 1961 चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता. उसाला लागलेले ट्रॅक्टर बहुतेक एकेका मालकाचे. एक मालक, एक ड्रायव्हर, फार तर घरातलाच पोरगा. कारखाना म्हणतो ट्रॅक्टर आमचा नाही, आमचा करार मालकाशी. मालक म्हणतो मी शेतकरी, माझी काही ट्रान्सपोर्ट कंपनी नाही. दोघंही कागदावर खरं बोलतात, आणि ड्रायव्हर मधल्या फटीत राहतो.

फट मोठी का आहे, तर पैसा टनावर आणि अंतरावर मिळतो. जितक्या खेपा तितका पैसा. मालकानं हंगामाआधी टोळीसाठी मुकादमाला उचल दिलेली असते, ट्रॅक्टरचा हप्ता चालू असतो, आणि हे सगळं चार-पाच महिन्यांतच फेडायचं असतं. दिवसभर फडात भरणी, संध्याकाळी निघायचं, रात्री कारखान्याच्या यार्डात नंबर लावायचा. नंबर आला की वजन, खाली करणं, परत फडाकडे. यार्डातली वाट बघणं कुणी काम म्हणून मोजत नाही. पण तिथं झोपही लागत नाही, कारण रांग हलली की गाडी पुढं घ्यावी लागते. उसाचं वजन दर तासाला घटतं, म्हणून शेतकऱ्यालाही घाई. थांबा असं म्हणणारा या साखळीत एकही माणूस नाही.

युरोपात ट्रकवाल्याला दिवसाला साधारणपणे नऊ तासच गाडी चालवता येते आणि साडेचार तासांनी 45 मिनिटं थांबावं लागतं. तिथंही शेती आणि जंगलाच्या कामाच्या ट्रॅक्टरला सूट देता येते, पण ती ठिकाणापासून 100 किलोमीटरच्या आतच. म्हणजे सूट अंतराला बांधलेली आहे. आपल्याकडं सूट ट्रॅक्टर या शब्दाला बांधलेली आहे. बांधावरून वाड्यावर कडबा नेणारा आणि रात्रभर हायवेवर दोन ट्रॉल्या ओढणारा, दोघं नियमाला सारखेच.

बरं, सूट फक्त तासांपुरतीच चालते, दंडाच्या वेळी नाही. कलम 194 ट्रॉलीलाही लागू आहे. आरसीवर जे वजन मंजूर आहे त्यापेक्षा जास्त भरलं तर 20,000 रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. सहा टन जास्त असेल तर 32,000 रुपये झाले. ऊस बाजूनं, मागून किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला तर त्यासाठीही 20,000 ची तरतूद आहे. याच कलमात चालवणाऱ्यासोबत 'चालवायला लावणारा' आणि 'चालवू देणारा' हेही शब्द आहेत. पावती मात्र फाटते ती रस्त्यावर सापडलेल्याच्या नावानं. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेचं वजन नोंदलं जातं, म्हणजे जास्त भरल्याचा पुरावा रोज कारखान्यातच तयार होतो. तो पुरावा वापरून कारखान्याला जबाबदार धरायचं कुणी मनावर घेतलं तर हायवेवर गाड्या अडवायची गरजच कमी होईल. अर्थात जिल्ह्याचं राजकारण कारखान्यांभोवतीच फिरतं, तेव्हा ते कोण मनावर घेणार हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

लायसन्सचा विषय थोडा सुटसुटीत झालाय. ट्रॅक्टरचं लायसन्स असलेल्याला ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टरही चालवता येतो, हे सुप्रीम कोर्टानं 2001 मध्येच सांगितलं होतं. 6 नोव्हेंबर 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला 7,500 किलोपर्यंतचं वाहतूक वाहन चालवू शकतो, वेगळी नोंद लागत नाही. पण लायसन्स हवंच. ते नसेल तर चालवणाऱ्याला 5,000 आणि गाडी देणाऱ्या मालकालाही 5,000. आणि अठराच्या आतलं पोरगं स्टिअरिंगवर सापडलं तर कलम 199अ खाली 25,000 रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर्षभरासाठी नोंदणी रद्द. गावागावांत दहावीतली पोरं ट्रॅक्टर चालवतात. शेतात ठीक आहे, डांबरी लागली की कायदा सुरू होतो.

घर बुडवणारी गोष्ट मात्र दंड नाही, विमा आहे. ट्रॅक्टरची पॉलिसी बहुतेक 'फक्त शेतीकामासाठी' असते. ट्रॉलीची वेगळी नोंदणी आणि वेगळा विमा लागतो, तो कित्येकांकडं नसतो. भाड्यानं दुसऱ्याचा ऊस ओढताना अपघात झाला की विमा कंपनी कोर्टात पहिला मुद्दा हाच काढते: हे शेतीकाम नव्हतं, हा धंदा होता. 2005 मध्ये एका वाहतूक कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होतं असं म्हटलेलं आहे. म्हणजे तास मोजताना जो ट्रॅक्टर शेतीचा, तोच भरपाई देताना धंद्याचा ठरू शकतो. अशा वेळी कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मेलेल्याच्या घरच्यांना पैसे मिळतात, पण ट्रॅक्टरवाल्याची जमीन विकायला निघते. मडगार्डवर बसवलेला माणूस, उसावर बसलेली टोळीतली बाई, तिचं लेकरू, हे तर पॉलिसीत प्रवासी म्हणून नसतातच. ऊसतोड कामगारांचं बिऱ्हाड बीड-जालन्याकडून याच ट्रॉल्यांत येतं आणि याच ट्रॉल्यांत परत जातं. हंगामाचा करार करताना मालकांनी ट्रॉलीचे कागद आणि पॉलिसीवरचा 'वापर' हा रकाना तेवढा वाचावा. भाड्याचं काम असेल तर एजंटाला तसं स्पष्ट सांगून पॉलिसी घ्यावी, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

डिझेलचं गणितही याच वळणाचं आहे. मच्छिमार सोसायट्यांच्या यांत्रिक बोटींना राज्य सरकार डिझेलवरचा व्हॅट परत देतं. ट्रॅक्टरच्या डिझेलला तसा परतावा नाही. उलट 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डिझेलवर लिटरला 4 रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर आला. तेव्हा दुसरं शुल्क कमी केल्यानं पंपावरचा भाव वाढला नाही हे खरं, पण शेतीच्या नावाचा कर शेतकरीच नांगरताना भरतो हेही खरंच आहे. उसाच्या बाबतीत डिझेल महागलं की वाहतुकीचा दर वाढवून मागितला जातो, आणि तोडणी-वाहतूक शेवटी एफआरपीतूनच कापली जाते. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला टनाला 3,550 रुपये एफआरपी ठरली. हातात पडतात ते कापून राहिलेले.

कॅनमधून डिझेल आणण्यावरून पंपावर होणारी भांडणं मात्र बिनकामाची आहेत. पेट्रोलियम कायदा 1934 प्रमाणे डिझेल 2,500 लिटरपर्यंत, एका भांड्यात 1,000 लिटरपेक्षा जास्त नसेल तर, साठवायला आणि न्यायला लायसन्स लागत नाही. पेट्रोलची गोष्ट वेगळी. विकायचं नसेल तर 30 लिटरपर्यंत चालतं, पण घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, एकात 25 लिटरपर्यंत. झाड तोडायच्या मशीनसाठी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल आणि टू-टी ऑइल कालवून नेणारे कायद्यातही बसत नाहीत आणि उन्हात ते सुरक्षितही नाही.

लाकडाच्या खेपेबद्दल ट्रॅक्टरवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: साग, आंबा, चिंच, मोह, चंदन अशी झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली तोडायला परवानगी लागते. शेतातला बांबू 2017 पासून 'झाड' या व्याख्येतून बाहेर आहे. वाहतूक पासशिवाय लाकूड सापडलं तर वन खातं लाकडासोबत ट्रॅक्टरही जप्त करू शकतं. मग मला माहीत नव्हतं आणि मी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचं काम मालकावर येतं. हजार-दोन हजाराच्या भाड्यासाठी आठ लाखांचा ट्रॅक्टर रेंज ऑफिसच्या आवारात उभा राहतो. भरायच्या आधी पास मागा, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तासांच्या बाबतीत कायदा बदलायची वाट न बघता कारखान्यांना दोन गोष्टी करता येतील. नंबर मोबाइलवर देणं, म्हणजे ड्रायव्हरला रांगेत जागावं लागणार नाही. आणि काट्यावरच्या नोंदीत गाडी नंबरासोबत ड्रायव्हरचं नाव टाकणं. एकाच नावावर रात्री दोन आणि पहाटे पाचला खेप दिसली तर ती गाडी यार्डात चार तास उभी करायची, ड्रायव्हर झोपू द्यायचा. वजन, वेळ, गाडी हे सगळं संगणकात आधीच भरलं जातं. एक रकाना वाढवायचा आहे.

साखर आयुक्तालय दरवर्षी गाळप परवाना देताना कारखान्यांकडून अटी लिहून घेतं. ही अटही तिथंच बसू शकते. जिल्ह्यातल्या वाहतूकदारांनी पुढच्या हंगामाचे करार उन्हाळ्यात होतील तेव्हा ती मागितली पाहिजे. डिसेंबरात मागून कुणी ऐकत नाही.