पाहुण्या हातांचे काम

परदेशातील अंधशाळेत स्वयंसेवक म्हणून गेलेल्या विशेष शिक्षकाचे काम कितपत उपयोगी पडले, हे तो परतल्यानंतरच ठरते. कारण त्याच्या पश्चात शाळेतील शिक्षक आणि विद्यार्थी त्याच्याविना काय करू शकतात, हीच त्या कामाची खरी कसोटी होय.

या दृष्टीने ल्हासा येथील अंधशाळेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. बालपणीच दृष्टी गमावलेल्या जर्मन अभ्यासक साब्रिये टेनबर्केन यांनी १९९२ मध्ये तिबेटी भाषेसाठी ब्रेल लिपी सिद्ध केली आणि १९९८ मध्ये पॉल क्रोनेनबर्ग यांच्यासह ल्हासात शाळा सुरू केली. त्या परक्या देशातून आल्या होत्या. परंतु शाळेआधी मुलांच्या भाषेची लिपी तयार असल्याने तेथील शिक्षण मातृभाषेत रुजू शकले. २००४ मध्ये याच शाळेतील सहा विद्यार्थ्यांसह, एव्हरेस्ट सर करणारे पहिले अंध गिर्यारोहक एरिक वेहेनमायर यांनी सात हजार मीटरहून उंच अशा ल्हाकपा री शिखराची मोहीम हाती घेतली. मोहीम माथ्यापर्यंत गेली नाही. मात्र माथा गाठणे महत्त्वाचे की मुलांनी एकमेकांच्या सोबतीने चालणे, यावर मोठ्या माणसांत झालेला मतभेद ‘ब्लाइंडसाइट’ या माहितीपटात नोंदला गेला आहे. पाहुणा स्वतः अंध असला, तरी उद्दिष्ट कोणी ठरवावे हा प्रश्न आपोआप सुटत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

असाच प्रश्न वर्गातही उभा राहतो. इंग्रजी ब्रेलमध्ये पहिला आणि चौथा असे दोन ठिपके मिळून ‘सी’ हे अक्षर होते, तर भारतीय भाषांसाठी योजलेल्या भारती ब्रेलमध्ये त्याच ठिपक्यांचा ‘च’ होतो. ब्रेल टंकयंत्रावर सरावलेल्या शिक्षकाला ठिपके थेट उमटलेले मिळतात; उलट पाटी आणि टोच्याने लिहिताना कागदाच्या मागील बाजूस उठाव येत असल्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहावे लागते. ज्या शाळेत टंकयंत्रे मोजकी आहेत, तिथे पाटीवर हात न बसलेला स्वयंसेवक मुलाची चूक बोटांनी वाचू शकला, तरी ती कशामुळे झाली हे त्याला उमगत नाही.

मुंबईत दादरची अंधशाळा १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केली, त्यामुळे यजमानाची बाजू मराठी शिक्षकांना अपरिचित नाही. पाहुणा म्हणून जाताना या बाजूचेच स्मरण ठेवावे. गरज यजमान शाळेने आधी लेखी कळवावी, प्रत्येक स्वयंसेवकाला तेथील एक शिक्षक जोडून द्यावा आणि पांढऱ्या काठीच्या साहाय्याने स्वतंत्रपणे वावरण्याचे, म्हणजे चलनवलनाचे, प्रशिक्षण त्या शिक्षकाच्या हातीच राहावे. डोळस सोबत्याने अंध व्यक्तीला दंड धरून पुढे ढकलू नये, तर तिला आपले कोपर धरू देऊन अर्धे पाऊल पुढे चालावे, हा नियम क्षेत्रातील प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु कोपर केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे, हे धरणाऱ्यानेच ठरवायचे असते. मुक्काम ठरवताना, वर्ग मध्येच सोडावा लागणार असेल, तर नवा वर्ग घेऊ नये आणि त्याऐवजी स्थानिक शिक्षकांसाठी साहित्य तयार करून द्यावे, हेच अधिक जबाबदारीचे ठरेल.