दऱ्या, दर्या आणि एक नेटवर्क कार्ड

मराठीच्या अभ्यासकांत एक समजूत आता पक्की झाली आहे. जुन्या संगणकातल्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या की मजकूर वाचला; मग तो डबा भंगारात द्यायला हरकत नाही. ही समजूत मला घातक वाटते, आणि तसे वाटायला लावणारी गोष्ट कोणतेही समीक्षाशास्त्र नसून एक नेटवर्क कार्ड आहे.

येरवड्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचा विंडोज ९८ वर चालणारा संगणक त्यांच्या माडीवर होता. दहा-बारा वर्षांची समीक्षेची टिपणे त्यात होती. सगळी युनिकोडपूर्व फाँटमध्ये. ज्या प्रणालीत ती लिहिली होती ती प्रिंटरच्या पोर्टला डाँगल लावल्याशिवाय उघडत नसे. फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पाचोळा दिसे. परिवर्तक वापरून पुष्कळसा मजकूर युनिकोडमध्ये आणता आला. पण ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांतला भेद त्या परिवर्तकाला ठाऊक नव्हता. आचाऱ्यांचे आचार्य झाले (ही बढती सरांना फार आवडली), तर दऱ्यांचा दर्या झाला. सह्याद्रीवरच्या लेखात हे चटकन लक्षात येते. कोकणावरच्या लेखात, जिथे डोंगरही आहे आणि समुद्रही, तिथे कोणता पाठ खरा? ते मूळ पडद्यावर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

सरांना मात्र जिना चढवत नव्हता, आणि निवाडा तर त्यांनीच करायचा होता. म्हणून २०११ साली आम्ही माडीवरचा संगणक खालच्या लॅपटॉपवरून उघडायचे ठरवले. त्यासाठी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जन्मलेले आणि १९९८ मध्ये सर्वांना खुले झालेले व्हीएनसी वापरले. ते मजकूर पाठवत नाही, पडद्याचे चित्र पाठवते. त्यामुळे पाहणाऱ्याच्या यंत्रात फाँट असण्याची गरज उरत नाही. माडीवरच्या संगणकाला नेटवर्क कार्ड नव्हते. एनई २००० जातीचे एक जुने कार्ड मिळाले, ते बसवले, केबल जोडली. पासवर्ड दिला, माडीवरचा पडदा खाली उमटला. आणि मराठीची प्रणाली म्हणाली, डाँगल सापडत नाही.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने क्षणात निदान केले: या दोन प्रोग्रॅमचे एकमेकांशी पटत नाही, व्हीएनसी काढून टाका. काढले. डाँगल तरीही सापडेना. कार्ड उपसून काढले तेव्हा मात्र सापडले. म्हणजे भांडण प्रोग्रॅमांचे नव्हतेच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पत्त्यांची यादी असते. ती कोणी वाचली नव्हती. कार्डाचा पत्ता षोडशमान पद्धतीत ३६० पासून सुरू होत होता. या जातीचे कार्ड सलग ३२ पत्ते अडवते, म्हणजे थेट ३७एफपर्यंत. प्रिंटरचे पोर्ट ३७८ ते ३७एफ या आठ पत्त्यांवर बसते. कार्डाच्या शेवटच्या आठ घरांत प्रिंटर पोर्टाचे बिऱ्हाड आधीपासून होते, आणि सरांच्या मराठीची किल्ली त्याच बिऱ्हाडात टांगलेली होती. कार्डासोबतच्या फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम डॉसमधून चालवून पत्ता ३०० केला, विंडोजलाही तोच आकडा सांगितला, आणि दोन्ही गोष्टी एकत्र नांदू लागल्या. (कार्डाचा इंटरप्ट ३ होता, तो दुसऱ्या सिरियल पोर्टचाही असतो, तो आम्ही आधीच १० करून ठेवला होता.)

आमच्या शास्त्रात हे अपरिचित आहे काय? सर्वांत शेवटी आलेल्यावर आळ घालायचा, ही हस्तलिखितांच्या संपादकांचीही जुनी खोड आहे. पाठ बिघडला की लेखनिक दोषी. पोथीचे पान कुठे चिकटले होते, ते पाहायचे नाही.

येरवड्यातच डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम चालले आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथे जमल्या; कोशाचा पहिला भाग छापून यायला १९७६ साल उजाडले. चिठ्ठी वाचायला डोळे पुरतात. तिच्यावर शब्द असतो, उतारा असतो आणि तो कुठून घेतला तेही असते. आपल्या युनिकोडपूर्व फाइलीला मात्र फाँट लागतो, प्रणाली लागते, डाँगल लागते, आणि डाँगलला मोकळे पोर्ट लागते. यांतले एक जरी निखळले तरी उरते ती पाचोळ्याची फाइल. ‘ते तंत्रज्ञाचे काम’ असे म्हणणाऱ्या प्राध्यापकांना मी विचारतो, दर्या की दऱ्या हे तंत्रज्ञ ठरवणार आहे का? अशा यंत्रावरून संपादित झालेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत फाँटचे नाव, प्रणालीची आवृत्ती आणि परिवर्तकाने कोणती जोडाक्षरे बिघडवली हे यायलाच हवे, जसे पोथीचे वर्णन येते. आणि तपासणी पुरी होईपर्यंत तो डबा चालता ठेवायला हवा.

सरांनी पुढचे तीन आठवडे रोज दुपारी खालच्या खोलीत बसून पाने तपासली. कोकणावरच्या लेखात सात ठिकाणी दऱ्या निघाल्या आणि दोन ठिकाणी खरोखरच दर्या. माडीवरच्या डब्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला: ‘कार्ड ३०० वर आहे. ३६० वर नेऊ नये.’