कोणीं पाहिलें ?

"माकडाचा माणूस होतांना कोणीं पाहिलें आहे ?" हा प्रश्न आमच्या सुशिक्षित बैठकींत निघाला, कीं चार मंडळी हंसतात आणि उत्क्रांतिवादाचा निकाल लागला असें समजून चहाचा पेला उचलतात. जानेवारी २०१८ मध्यें केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याच्या तत्कालीन राज्यमंत्र्यांनीं औरंगाबादेस याच आशयाचें विधान केलें. तेव्हां देशांतील तीन प्रमुख विज्ञान-अकादमींनीं एकत्र पत्रक काढून त्याचें खंडन केलें. मंत्र्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु ज्या घरांत पुस्तकांचीं कपाटें भरलेलीं आहेत, तेथेंही हाच प्रश्न ऐकूं येतो, त्याचें काय ?

आमच्या मतें या प्रश्नाचें मूळच चुकलें आहे. उत्क्रांति होते ती समूहाची. एकट्या प्राण्याची नव्हे. आजच्या माकडापासून माणूस झाला, असें कोणताही जाणता शास्त्रज्ञ म्हणत नाहीं. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेंच तो म्हणतो. समूहांतील व्यक्ति जन्मतःच थोड्याफार भिन्न असतात. हा भेद जनुकांवाटे संततींत उतरतो. आणि ज्यांचा भेद परिस्थितीस मानवतो, त्यांची संतति अधिक उरते. अशा रीतीनें पिढ्यांमागून पिढ्या समूहांतील जनुकांचें प्रमाण पालटत जातें. महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या आईच्या पोटीं एके दिवशीं मराठी बोलणारें मूल आलें, असें तरी कोणीं पाहिलें ? प्रत्येक आईला आपल्या मुलाची बोली कळतच होती; तरी भाषा पालटलीच. मराठीच्या उत्पत्तीविषयीं मात्र असला प्रश्न आम्ही कधीं विचारीत नाहीं !

शिवाय, ज्यांस पाहिल्यावांचून चैनच पडत नाहीं, त्यांच्याकरितां पाहणारेही झाले आहेत. पॅसिफिक महासागरांतील गालापागोस द्वीपसमूहांत डॅफ्नी मेजर नांवाचें एक लहानसें, ओसाड बेट आहे. पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्यानें १९७३ पासून सुमारें चाळीस वर्षें तेथील फिंच नांवाच्या चिमुकल्या पक्ष्यांच्या पायांत खुणेचीं कडीं अडकविलीं, त्यांच्या चोंची मोजल्या आणि त्यांच्या वंशावळी टिपल्या. १९७७ सालीं तेथें अवर्षण पडलें. लहान, मऊ बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या व कठीण. एका जातीचे शेंकडा ८५ च्या आसपास पक्षी मेले. जगले त्यांत जाड चोंचीचे अधिक होते, आणि त्यांच्या संततीची चोंचही सरासरीनें अधिक जाड निघाली. १९८३ मध्यें अतिवृष्टि झाली, लहान बियांची चंगळ झाली, आणि निवडीचें पारडें उलट लहान चोंचीकडे झुकलें. कोणाही पक्ष्यानें आपली चोंच पालटली नव्हती. समूह मात्र पालटला.

आतां नव्या जातीची गोष्ट. १९८१ सालीं शंभर किलोमीटरांहून दूरच्या एस्पान्योला बेटावरून एक थोराड नर डॅफ्नीवर आला आणि त्यानें तेथील दुसऱ्या जातीच्या मादीशीं घरोबा केला. त्याचें गाणें निराळें होतें. या पक्ष्यांत मुलगे बापाचें गाणें शिकतात, आणि जोडीदाराची ओळख गाण्यावरून व चोंचीवरून पटते. परिणाम असा, कीं दोन-तीन पिढ्यांतच त्याचे वंशज केवळ आपसांत जोड्या जमवूं लागले. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या डीएनए-परीक्षणानें ही हकीकत पक्की केली. या तीसेक पक्ष्यांच्या कुळास 'जाति' म्हणावें कीं नाहीं, याचा खल पंडितांनीं खुशाल करावा. परंतु दोन जातींमधील भिंत उभी राहतांना माणसांनीं डोळ्यांनीं पाहिली, हें आतां कोणास नाकारतां येणार नाहीं.

असें असतां २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकांत 'आनुवंशिकता आणि उत्क्रांति' या पाठाच्या नांवांतील केवळ पहिला शब्द उरला. अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं पत्र लिहून विरोध केला. उत्तर मिळालें, कीं मुलांवरील ओझें कमी केलें. हा विषय बारावीस आहेच. पण बारावीस जीवशास्त्र घेतात किती ? बाकीच्या मुलांनीं काय करावें ? क्षयाचे जंतु औषधास दाद देईनासे होतात, तें याच नियमानें : औषधानें दुबळे मरतात, चिवट उरतात, आणि पुढची सारी प्रजा चिवटांची होते. औषध अर्ध्यावर सोडणाऱ्या रोग्याला हें कोणीं सांगावयाचें ? वकील, व्यापारी, मंत्री होणाऱ्या मुलासही हें ठाऊक असावयास हवें. म्हणूनच त्याची जागा दहावींत आहे.

शाळेनें गाळलें तें घरानें भरून काढावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे. तेवढेंही होणार नसेल, तर निदान चहाच्या पेल्यावरचा तो हंशा तरी आपण आवरावा.