भटकंती: बॅलरॅटची थंडी आणि तीस शिलिंगांचा परवाना



तिकडे पुण्या-मुंबईत पाऊस धुमाकूळ घालत असतो तेव्हा इथे व्हिक्टोरियात ऐन हिवाळा असतो. जुलैच्या सुट्टीत कॅरॅव्हॅन घेऊन निघतोय म्हटलं की लोक "डोकं ठिकाणावर आहे ना?" अशा नजरेनं बघतात. पण मला हिवाळाच बरा वाटतो. पार्कमध्ये जागा सहज मिळते आणि माशांचा त्रास नसतो. यंदा मी, बायको आणि आठ वर्षांची लेक मेलबर्नहून समुद्राकाठानं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रोबपर्यंत गेलो आणि परतताना अराराटमार्गे बॅलरॅटला दोन रात्री राहिलो.

बॅलरॅट मेलबर्नच्या पश्चिमेला साधारण ११५ किलोमीटरवर आहे, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच. नाव इथल्या मूळ वाडावुरुंग लोकांच्या भाषेतलं, अर्थ 'विसाव्याची जागा' असा मानतात. विसावा खरा, पण कुडकुडत! सकाळी नळाला लावलेला पाइप काठीसारखा ताठ झाला होता. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: रात्रीच पाइप काढून रिकामा करा, चहापुरतं पाणी पातेल्यात भरून ठेवा आणि विजेची जोडणी असलेलीच जागा घ्या. उबेसाठी गॅसची शेगडी पेटवून झोपायचं तर मनातही आणू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येत नाही.

इथे १८५१ साली सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. तो काळ दाखवणारं सॉव्हरिन हिल हे खुलं संग्रहालय १९७० पासून सुरू आहे. तिथल्या ओढ्यात उथळ घमेल्यात वाळू घोळवून सोनं शोधता येतं. लेकीनं बोटं बधिर होईपर्यंत घमेलं हलवलं आणि टाचणीच्या टोकाएवढे तीन कण मिळवले. मग विचारलं, "बाबा, दिवसभर काहीच मिळालं नाही तर ते लोक काय करायचे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. काही मिळो न मिळो, खणणाऱ्याला सरकारी परवाना घ्यावाच लागे, सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग. पोलीस कधीही येऊन परवाना मागत. नसला तर दंड, नाहीतर कोठडी. आणि ज्या सरकारला पैसे भरायचे ते निवडायचा अधिकार मात्र नाही. ११ नोव्हेंबर १८५४ ला बेकरी हिलवर हजारो लोक जमले आणि मताचा हक्क मागितला. पुढे परवाने जाळले गेले. मग युरेका भागात लाकडांचा आडोसा रचून लोक हत्यारं घेऊन बसले. ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्यानं हल्ला केला. सगळं अर्ध्या तासाच्या आत आटोपलं. निदान २२ खाणकरी आणि ५ सैनिक गेले.

पण हरलेलेच शेवटी जिंकले. राजद्रोहाचे खटले १३ जणांवर भरले, एकही दोषी ठरला नाही. १८५५ मध्ये मासिक परवाना रद्द होऊन वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला आणि त्याबरोबर मताचा हक्कही. लढाईत डावा हात गमावलेला त्यांचा पुढारी पीटर लेलर त्याच वर्षी विधिमंडळात गेला, १८८० मध्ये सभापती झाला. त्यांचा फाटका निळा झेंडा युरेका सेंटरमध्ये बघायला मिळतो. लोकांनी आठवण म्हणून त्याचे तुकडे कापून नेले होते.

इथवरची गोष्ट आपल्याला लगेच पटते. तात्पुरत्या व्हिसावर दर महिन्याला कर भरून मत नसणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

पण त्याच १८५५ साली आणखी एक कायदा झाला. व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर बसला आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी, अशी मर्यादा आली. ज्या आयोगानं परवाना रद्द करा म्हटलं, त्यानंच चिन्यांना आवरा असंही सुचवलं होतं. कर चुकवायला हजारो चिनी रोबला उतरले आणि तिथून चारशे किलोमीटरच्या आसपास पायी आले. आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये बसून आलो तीच ही वाट. वाटेत त्यांच्यातल्याच एका तुकडीला १८५७ मध्ये सोनं सापडलं आणि अराराट शहर उभं राहिलं. लेलरचं पुढे काय झालं तेही ऐका. १८७३ मध्ये जवळच्या क्लून्सला लोथेअर खाणीत संप झाला, तेव्हा तो कंपनीच्या संचालकांत होता. संप मोडायला कंपनीनं स्वस्तातले चिनी मजूर आणायचं ठरवलं, तर गावकऱ्यांनी दगड मारून त्यांच्या गाड्या परत पाठवल्या. दोन्ही बाजूंनी भरडले गेले ते शेवटी आलेलेच.

हे मनाला लागलं, कारण आमच्या घरी नागरिकत्वाचा अर्ज कधीपासून पडून आहे. अर्ज मंजूर झाला की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि ओसीआय कार्डावर तिकडे मत देता येत नाही. माझं घोडं तिथेच अडलंय. बायको म्हणते, "कर इथे भरतो, लेक इथे शिकते. मग इथला कारभार दुसऱ्यांनीच ठरवायचा का?" तिच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरीकडे आपल्याच गणपतीत आणि पॉटलकमध्ये हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपण आलो तेव्हा ठीक होतं, आता कोणीही येतंय." बोलणाऱ्याला स्वतःचे परमनंट रेसिडेन्सीचे कागद हातात पडून कधी कधी दोन वर्षंही झालेली नसतात. भाड्याची घरं मिळत नाहीत, नोकऱ्या कमी झाल्यात, या अडचणी खऱ्या आहेत आणि किती लोकांना येऊ द्यावं यावर वाद जरूर व्हावा. पण नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे बघून नाक मुरडणं म्हणजे धोरणावरची चर्चा नव्हे. तो आपल्याच वाटेनं येतोय, फक्त मागून.

अर्ज बहुतेक या महिन्यात भरू. इथे मतदान सक्तीचं आहे, त्यामुळे एकदा नागरिक झालो की कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही यावर आमचंही बोट लागणार. तुमच्यापैकी ज्यांनी हा उंबरठा ओलांडलाय त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

असो. बॅलरॅटला जाणार असाल तर दोन दिवस तरी ठेवा आणि कानटोपी विसरू नका. पुढच्या खेपेला बेंडिगो.